चाल बाहेर पाठवण्यापूर्वी

मराठी माणसाला कॉपीराइट माहीत असतो तो पुस्तकाच्या आतल्या पानावरून. मुखपृष्ठ उलटले की वर्तुळातला 'सी' दिसतो आणि त्यापुढे, पुष्कळदा, लेखकाच्या पत्नीचे नाव. आयुष्यभर लिहायचे यांनी आणि हक्क सगळे सौ.च्या नावे, ही आपल्या प्रकाशन व्यवसायातली जुनी रीत. तिच्यातली गंमत बाजूला ठेवली तरी तिचा उपयोग मोठा होता. लेखकाच्या पश्चात परवानगी कोणाची घ्यायची आणि मानधन कोणाला पाठवायचे, हे त्या एका ओळीने ठरून जात असे.

गाण्याच्या चालीला असे आतले पान नसते. चाल पेटीवर सुचते, फोनवर गुणगुणून ठेवली जाते, व्हॉट्सॲपवरून चार मित्रांना जाते, गणेशोत्सवात वृंदगायनात म्हटली जाते आणि दोन वर्षांनी कोणा दुसऱ्याच मंडळाच्या कार्यक्रमात ऐकू येते. 'ही चाल कोणाची?' असे विचारले तर निवेदक म्हणतो, "पारंपरिक." ज्याने ती बांधली तो तिसऱ्या रांगेत बसलेला असतो!

अमेरिकेत आता नव्या चाली बांधणारी मंडळी बरीच झाली आहेत. अधिवेशनांची स्वागतगीते, बालनाट्यांतली गाणी, इथेच लिहिलेल्या कवितांची भावगीते, अभंगांना दिलेल्या नव्या चाली, असे पुष्कळ काम होते आहे आणि त्यातले काही खरोखर चांगले आहे. पूर्वी ते कॅसेटच्या शंभर प्रतींत संपून जायचे. आता तळघरात केलेले ध्वनिमुद्रण आठवडाभरात जगभर ऐकू जाऊ शकते. म्हणूनच, गाणे बाहेर पाठवण्यापूर्वी आपला हक्क कसा सांभाळावा याविषयी चार गोष्टी एकत्र सांगाव्यात असे वाटले.

मी वकील नाही. एका अमेरिकन विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात मी बावीस वर्षे नोकरी केली आणि तिथे हक्कांची चौकशी करायला येणाऱ्यांचे टेबल माझ्याकडे होते. निवृत्तीनंतर मंडळातल्या गाणाऱ्या-बजावणाऱ्यांना अर्ज भरायला मदत करते. एवढ्या वर्षांत जे पाहिले त्यावरून एक सांगू शकते. आपल्या लोकांच्या चाली परका चोर क्वचितच नेतो. तंटा होतो तो ज्यांच्याबरोबर चहा पिऊन चाल बांधली त्यांच्याशी, आणि तोही कोणाच्या मनात पाप नसताना.

हक्क केव्हा जन्माला येतो?

बहुतेकांचा समज असा की सरकारी कार्यालयात नोंद केली की कॉपीराइट मिळतो. तसे नाही. अमेरिकेचा १९७६ चा कायदा १ जानेवारी १९७८ पासून लागू झाला. त्याप्रमाणे रचना स्वतःची असेल आणि ती कशावर तरी उतरवली असेल, म्हणजे कागदावर, टेपवर किंवा फोनवर, तर त्या क्षणापासून हक्क निर्माण होतो. गाडी चालवताना मनात घोळलेली चाल अजून हक्काची नाही. घरी येऊन ती फोनवर गुणगुणून ठेवली की झाली. नोटेशन यायलाच हवे असे नाही. १ मार्च १९८९ रोजी अमेरिका बर्न करारात सामील झाली, तेव्हापासून वर्तुळातला 'सी' छापण्याची सक्तीही उरली नाही. छापला तर उत्तमच. आपले नाव आणि साल लोकांच्या डोळ्यांसमोर राहते. भारत या करारात १९२८ पासून आहे, त्यामुळे इथे बांधलेल्या चालीला तिथे आणि तिथल्या चालीला इथे, नोंदणीवाचूनही संरक्षण आहे.

संरक्षण कशाला नाही, हेही समजून घ्यावे. राग कोणाच्या मालकीचा नाही, ताल नाही, गाण्याचे शीर्षक नाही, 'पावसावर गाणे करू' ही कल्पनाही नाही. भूपात दहा जणांनी दहा चाली बांधल्या तर दहाही स्वतंत्र असू शकतात. त्या रागात तुम्ही स्वरांची जी विशिष्ट मांडणी केली, जो मुखडा आणि जे अंतरे बांधले, तेवढे तुमचे.

शास्त्रीय संगीतात ही सीमारेषा किती बारीक आहे ते अलीकडे दिल्ली उच्च न्यायालयात दिसले. डागर घराण्यातल्या 'शिवस्तुती' या रचनेवरून २०२३ च्या एका चित्रपटातले ए. आर. रहमान यांचे गाणे घेतले आहे, असा दावा होता. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायमूर्तींनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. त्या वादातला एक मोठा मुद्दा असा होता की एखादी रचना कोणी गायली एवढ्यावरून ती त्यानेच रचली असे धरता येईल का. ज्यांचे गाणे सर्व रसिकांनी ऐकलेले, त्यांच्याही घरी हा प्रश्न उभा राहतो. आपण तर हौशी माणसे! तेव्हा पहिला नियम: चाल सुचली की लगेच मुद्रित करावी, फाइलला तारीख आणि आपले नाव द्यावे, आणि कच्च्या चाली पुसून टाकू नयेत. मुखडा तीनदा बदलला असेल तर तिन्ही ठेवावेत. रचना कशी घडत गेली हे दाखवणारा याहून चांगला पुरावा नाही.

एक जुना समज मात्र सोडून द्यावा. कॅसेट लिफाफ्यात घालून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवायची आणि लिफाफा न फोडता ठेवायचा, हा उपाय आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल, काहींनी केलाही असेल. अमेरिकेच्या कायद्यात त्याला काही स्थान नाही. कॉपीराइट कार्यालय स्वतःच सांगते की हा नोंदणीला पर्याय होत नाही.

एका गाण्यात किती मालक?

आता जरा गुंतागुंतीचा भाग. आपण ज्याला 'गाणे' म्हणतो त्यात कायद्याला दोन निरनिराळ्या वस्तू दिसतात. एक गीतरचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी तिचे ध्वनिमुद्रण, म्हणजे कोण्या एका दिवशी कोण्या एका गायकाने गायलेले आणि ध्वनिमुद्रकाने टिपलेले. एकाच चालीची पाच ध्वनिमुद्रणे असू शकतात आणि प्रत्येकाचा मालक वेगळा असू शकतो. सीडीच्या वेष्टनावर वर्तुळातल्या 'सी'शेजारी वर्तुळातला 'पी' दिसतो, तो ध्वनिमुद्रणासाठी.

याच ठिकाणी अमेरिका आणि भारत यांचा मार्ग वेगळा होतो आणि आपण दोन्हीकडे पाय ठेवून असल्यामुळे ते आपल्याला ठाऊक हवे. अमेरिकेच्या कायद्यात संगीतरचना म्हणजे चाल आणि तिच्याबरोबरचे शब्द, दोन्ही मिळून. भारताच्या १९५७ च्या कायद्यात शब्द हे साहित्य आणि चाल हे संगीत. दोन कृती, दोन हक्क. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने शब्द लिहिले, तुम्ही चाल दिली आणि एकच गाणे व्हावे असा दोघींचा हेतू होता, तर अमेरिकेत ती साधारणपणे संयुक्त कृती ठरते. वेगळे काही लिहून ठेवले नसेल तर दोघी समान भागीदार. शब्द चारच ओळींचे असोत की चालीला तीन महिने लागलेले असोत, वाटणी निम्मी-निम्मी. शिवाय दोघींपैकी कोणीही एकटी ते गाणे दुसऱ्याला वापरायला देऊ शकते; फक्त पैसे मिळाले तर दुसरीचा वाटा द्यायला हवा. एखाद्याच कंपनीला सर्व हक्क द्यायचे असतील तर मात्र दोघींच्या सह्या लागतात. ही वाटणी मान्य नसेल तर ती आधीच लिहून बदलता येते. नंतर बदलणे कठीण.

दुसऱ्याच्या प्रसिद्ध कवितेला चाल लावणार असाल तर परवानगी आधी घ्या. ज्ञानेश्वर-तुकारामांना विचारण्याचा प्रश्न नाही. अभंग सर्वांचे आणि त्याला दिलेली नवी चाल तुमची. आधुनिक कवींचा हिशेब भारतात असा: कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे. १९४१ मध्ये गेलेल्या भा. रा. तांब्यांचे शब्द तिथे २००२ पासून मोकळे आहेत. (पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. त्याच साली गेलेल्या रवींद्रनाथांचे हक्क संपू लागले तेव्हा ती दहा वर्षांनी वाढवण्यात आली.) बा. भ. बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितेचे हक्क २०४४ अखेरपर्यंत वारसांकडे. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत. अमेरिकेत जुन्या परदेशी साहित्याला प्रकाशनापासून ९५ वर्षे असा निराळा हिशेब लागू होऊ शकतो, म्हणून भारतात मोकळे ते इथेही मोकळे असे गृहीत धरू नये. परवानगी नसलेल्या शब्दांवर बांधलेली चाल कितीही सुंदर असली तरी ती सुखाने बाहेर पाठवता येत नाही.

मैत्रीत कागद कसला?

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांची पत्नी कविता करीत असे. छापल्या कधीच नाहीत. ती गेल्यावर यांनी त्यांतल्या दहा कवितांना चाली लावल्या. स्वतः गातात बेताचे, पण चाली सुरेख. तीन गाण्यांचे संगीत संयोजन भारतातल्या एका तरुण संयोजकाकडून करून घेतले. सगळा व्यवहार फोनवर आणि इंटरनेटवर. ठरलेले पैसे वेळेवर गेले, काम मनासारखे झाले, दोघांचे संबंध उत्तम. वर्षश्राद्धाला नातेवाइकांना ऐकवावे म्हणून त्यांनी पहिले गाणे एका व्हिडिओ-संकेतस्थळावर चढवले. काही मिनिटांतच सूचना आली: या चित्रफितीत दुसऱ्याच्या मालकीचे संगीत आढळले आहे. खाली मालक म्हणून एक अनोळखी नाव.

झाले होते असे. संयोजकाने तेच वाद्यसंगीत, गायकाविना, आपल्या कामाचा नमुना म्हणून एका डिस्ट्रिब्युटरमार्फत प्रसिद्ध केले होते. फॉर्ममध्ये 'यावरील सर्व हक्क माझे आहेत आणि माझ्या संगीताची आपोआप ओळख पटवावी' अशा अर्थाची चौकट होती, तिच्यात त्याने खूण केली. पुढचे काम संगणकाने केले. संगणक स्वर जुळवतो; कोण कोणाची पत्नी होती हे त्याला कळत नाही.

पैशाचा प्रश्न नव्हता. पत्नीच्या शब्दांखाली परक्याचे नाव दिसले, ते त्यांच्या जिवाला लागले. तरुणाला फोन केला तर तोही गोंधळला. "काका, मधले सगळे तुकडे मीच तर बांधलेत," तो म्हणाला, आणि ते खरेच होते! चाल यांची, पण दोन अंतऱ्यांमधले सतारीचे आणि बासरीचे तुकडे त्याने रचलेले. पैसे दिले म्हणून ते तुकडे विकत घेतले असे होत नाही. तसे कुठे लिहिलेलेच नव्हते. दोन महिने पत्रापत्री झाली. अखेर एक पानी करार झाला आणि दावा मागे घेतला गेला. सुरुवातीला ते पान लिहायला अर्धा तास लागला असता.

आपल्याकडे हा कागद का होत नाही? संकोच, दुसरे काय! मित्राने प्रेमाने तबला वाजवला, त्याच्यापुढे करारपत्र धरायचे म्हणजे आपल्याला मेल्याहून मेल्यासारखे होते. मला वाटते, याकडे निराळ्या दृष्टीने पाहावे. त्या पानावर तबलावादकाचे नाव आणि काम लिहिले जाते. ज्या गाण्याला असे पान नसते त्यात पाच वर्षांनी पहिले विसरले जाते ते साथीदाराचेच नाव. म्हणजे कागदाची गरज त्यालाही तेवढीच आहे.

त्या पानावर पुढील गोष्टी असाव्यात. गाण्याचे नाव आणि तारीख. शब्द कोणाचे, चाल कोणाची, संयोजन कोणाचे, गायले आणि वाजवले कोणी. गीतरचनेतले वाटे, टक्क्यांत. ध्वनिमुद्रणाचा मालक कोण. वादकाला मानधन दिले की त्याने विनामूल्य वाजवले. त्याच्या वाट्याचे हक्क तो कोणाला देतो आहे की स्वतःकडे ठेवतो आहे. नाव कसे छापायचे. आणि शेवटी सर्वांच्या सह्या. मराठीत लिहिले तरी चालेल, पण इंग्रजी प्रत जोडावी. पुढे ते वाचण्याची वेळ ज्यांच्यावर येईल त्यांना मराठी येतेच असे नाही.

भारतातल्या वादकाकडून किंवा संयोजकाकडून हक्क लिहून घेताना दोन शब्द विसरू नयेत. भारतीय कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हस्तांतर पाचच वर्षांचे धरले जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते फक्त भारतापुरते धरले जाते. न्यू जर्सीत बसून सीडी काढणाऱ्याला भारतापुरता हक्क काय कामाचा? म्हणून 'संपूर्ण मुदतीसाठी' आणि 'सर्व जगासाठी' असे स्पष्ट लिहावे. त्याचप्रमाणे इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार अमेरिकन करारांत 'वर्क फॉर हायर' असे शब्द असतात, म्हणजे पैसे देणारा हाच मूळ रचनाकार. स्वतंत्र वादकांकडून करून घेतलेल्या ध्वनिमुद्रणाला एवढे शब्द पुरेसे ठरतीलच असे नाही. १९९९ साली ध्वनिमुद्रणाचा त्या यादीत समावेश झाला होता. कलावंतांनी ओरड केल्यावर २००० साली तो काढून टाकण्यात आला. म्हणून 'माझे हक्क अमुक यांना देत आहे' असे सरळ वाक्यही करारात हवे.

नोंदणी कशासाठी आणि केव्हा?

हक्क आपोआप मिळतो तर नोंदणीला पैसे कशाला घालवायचे, असे मला नेहमी विचारले जाते. उत्तर सोपे आहे. घर तुमचेच असते, पण वाद निघाला की सातबारा दाखवावा लागतो. अमेरिकन कृतीबद्दल फेडरल न्यायालयात दावा लावायचा तर आधी नोंदणी लागते. नुसता अर्ज टाकून भागत नाही, कार्यालयाचा निर्णय झालेला असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

त्याहून महत्त्वाची आहे ती वेळ. समोरच्याने उचलेगिरी करण्यापूर्वी नोंदणी झालेली असेल, किंवा प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आत झालेली असेल, तरच न्यायालय कायद्यात ठरलेली भरपाई आणि वकिलाचा खर्च देऊ शकते. ही भरपाई एका कृतीला ७५० ते ३०,००० डॉलर आणि जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला १,५०,००० डॉलरपर्यंत असू शकते. नोंदणी उशिरा झाली तर आपले प्रत्यक्ष किती नुकसान झाले ते सिद्ध करावे लागते. हौशी संगीतकाराचे प्रत्यक्ष नुकसान किती निघणार? चाळीस डॉलर! त्यासाठी कोणता वकील उभा राहील? 'बाहेर पाठवण्यापूर्वी' या शब्दांवर माझा एवढा भर आहे तो याचसाठी.

नोंदणी वॉशिंग्टनमधल्या कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर होते. २०२० पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे एक कृती, एकच रचनाकार आणि तोच मालक असेल तर ४५ डॉलर. शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असेल तर साधा अर्ज, ६५ डॉलर. आपल्या मंडळींना सर्वांत सोयीचा आहे तो अप्रकाशित कृतींचा गट अर्ज: ८५ डॉलरमध्ये दहापर्यंत अप्रकाशित रचना, मात्र सगळ्यांचे रचनाकार तेच असले पाहिजेत. फोनवर वर्षभरात साठलेल्या दहा चाली एकदम नोंदवता येतात. अल्बम निघाल्यावर त्यातल्या वीसपर्यंत गीतरचनांसाठी वेगळा गट अर्ज आहे. पैसे भरण्यापूर्वी चालू दर संकेतस्थळावर पाहून घ्यावेत.

'अप्रकाशित' म्हणजे काय, यावर थोडे. मंडळाच्या कार्यक्रमात पाचशे लोकांसमोर गाणे म्हटले तरी तेवढ्याने ते प्रकाशित होत नाही. सीडी विकायला ठेवल्या, किंवा पुढे जगभर वाटण्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या हवाली केले, की प्रकाशित. म्हणून गट अर्ज करायचा तो डिस्ट्रिब्युटरकडे जाण्याआधी. गणेशोत्सवात गायला हरकत नाही.

अर्ज भरताना तीन बारीक गोष्टी. मराठी शीर्षक रोमन लिपीत द्यावे आणि त्याचे स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवावे. अर्जात एक 'ए', सीडीवर दोन 'ए' आणि डिस्ट्रिब्युटरकडे तिसरेच काही, असे केले तर पुढे तिन्ही गाणी वेगळी वाटतात. जुन्या अभंगाला चाल दिली असेल तर अर्जात फक्त संगीतावर हक्क सांगावा, शब्दांवर नाही. आणि अर्जातली माहिती सार्वजनिक होते, म्हणून घरचा पत्ता द्यायचा का याचा विचार करावा. अर्ज, शुल्क आणि गाण्याची फाइल या तिन्ही गोष्टी कार्यालयाला पोचल्या की तीच नोंदणीची तारीख ठरते. प्रमाणपत्र काही महिन्यांनी आले तरी काळजी नाही.

चाल बांधताना हल्ली काही जण संगणकीय बुद्धीची मदत घेतात. केवळ यंत्राने तयार केलेल्या भागाला अमेरिकेत कॉपीराइट मिळत नाही आणि अर्जात तो भाग वगळून दाखवावा लागतो. मार्च २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानेही रचनाकार माणूसच हवा असे म्हटले. यंत्राला चार ओळी सांगून मिळवलेले गाणे आपल्या नावे नोंदवण्याच्या फंदात पडू नये.

गाणे बाहेर गेल्यावर

नोंदणी म्हणजे पैसे येण्याची व्यवस्था नव्हे; त्या दोन गोष्टी निराळ्या. रेडिओवर, सभागृहात किंवा इंटरनेटवर गाणे वाजले तर त्याचे शुल्क गोळा करणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत: अमेरिकेत ॲस्कॅप आणि बीएमआय, भारतात आयपीआरएस. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीच्या हक्काला विशेष संरक्षण मिळाले आहे. अमेरिकेत ऐकल्या जाणाऱ्या स्ट्रीमिंगमधला संगीतरचनेचा वाटा २०२१ पासून 'द एमएलसी' ही संस्था वाटते आणि तिचे सभासदत्व विनामूल्य आहे. रक्कम किरकोळ असेल. पण तिथल्या यादीत आपले नाव असणे हाही एक पुरावाच.

कोणी गाणे उचलले तर आधी फोन करावा, निदान आपल्या लोकांत. निम्मी प्रकरणे तिथेच मिटतात. समोरच्याला खरोखरच ती चाल पारंपरिक वाटलेली असते. ऐकले नाही तर १९९८ च्या कायद्याप्रमाणे संकेतस्थळाला काढून टाकण्याची नोटीस देता येते. समोरचा प्रतिनोटीस देऊ शकतो, म्हणून खोटी किंवा रागाच्या भरात नोटीस देऊ नये. त्यापुढची पायरी म्हणजे जून २०२२ मध्ये सुरू झालेले कॉपीराइट क्लेम्स बोर्ड. छोट्या दाव्यांसाठी ते आहे. दाखल करायला १०० डॉलर, वकील असलाच पाहिजे असे नाही, सुनावणी घरबसल्या, आणि एका दाव्यात जास्तीत जास्त ३०,००० डॉलर मिळू शकतात. नोंदणीसाठी निदान अर्ज केलेला असावा लागतो. समोरच्याला साठ दिवसांत नकार देता येतो, आणि मग मोठ्या न्यायालयाचाच रस्ता उरतो.

शेवटी मुदतीविषयी, कारण तिचा विचार फारसे कोणी करीत नाही. अमेरिकेत आज बांधलेल्या चालीचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे राहतो. संयुक्त असेल तर शेवटच्या भागीदारानंतर सत्तर वर्षे. म्हणजे आज साठीत असलेल्या माणसाची चाल त्याच्या नातवंडांच्या म्हातारपणापर्यंत घरात राहणार आहे. ती नातवंडे मराठी जेमतेम समजणारी असतील. त्यांच्या हाती फोनमधल्या अडीचशे फाइली येतील, 'न्यू रेकॉर्डिंग १७', 'न्यू रेकॉर्डिंग १८' अशा नावांच्या. त्यांतली आजोबांची कोणती, आजोबांच्या मित्राची कोणती आणि रेडिओवरून टिपलेली कोणती, हे त्यांना कोण सांगणार? भविष्यात कोणी एखादे गाणे गायची परवानगी मागायला आले तर त्यांनी 'हो' कशाच्या आधारावर म्हणायचे? घाबरून 'नाही'च म्हणतील, आणि गाणे तिथेच थांबेल.

म्हणून इच्छापत्र करताना चालींचा उल्लेख करावा. घर आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर एक फाइल गाण्यांची असावी: प्रत्येक गाण्याचे ते एक पान, नोंदणीचा क्रमांक आणि ध्वनिमुद्रणाची प्रत. ही फाइल घरात कोणाला तरी दाखवून ठेवावी. येत्या गणेशोत्सवासाठी नवी चाल बांधत असाल तर पहिले पान तिच्यापासूनच सुरू करता येईल. तालमीला सगळे एकत्र जमलेलेच असतात, सह्या तिथेच घ्याव्यात.